चार नंबर गोदामातली लाल गाडी

टिकाराम झंझाड एका शब्दापायी अख्ख्या तुमसर तालुक्यात बदनाम होता. तो शब्द म्हणजे ‘काहून’, शहरातल्या भाषेत ‘का’. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, अन् या गड्यानं मधेच मान काढून विचारलं, "महाराज, हा पडदा पांढराच काहून?" महाराज अडखळले, वऱ्हाडाला वाटलं आटोपलं, अर्ध्यांनी अक्षता फेकल्या, अर्ध्यांनी मग फेकल्या. बायको कुंताबाई अजून म्हणते, "माह्यं लगन दोन डाव लागलं बाई, तरी बी सुटका नाही."

तुमसर रोडच्या स्टेशनात मालगाडी उभी दिसली की हा गार्डाला गाठणार. डॉक्टरनं जीभ काढ म्हटलं तर आधी जिभेत काय दिसतं ते विचारणार, मग काढणार. पण कामात माणूस खडा होता. एकोणिसाव्या वर्षी राईस मिलमध्ये हमाल म्हणून लागला, पस्तिशीत पाठ गेली तेव्हा मालकानं त्याला गोदामाचा मुकादम केला. चार गोदामं, चार चाव्या. चारही कंबरेच्या करदोड्याला बांधलेल्या. अंघोळीलाही सुटायच्या नाहीत.

राखणं हा त्याचा धंदा. धान पिकवणारे गावोगाव आहेत, भात खाणारा तर जो तो आहे. पण वर्षभर ठेवलेल्या तांदळात एक सोंडा किडा निघणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा लाखात एखादा. पावसाळा लागला की टिकाराम गोदामात गॅस द्यायचा. कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीवर ताडपत्री पांघरायची, तिच्या काठावर वैनगंगेच्या रेतीनं भरलेल्या कापडी नळ्या रचून वाट बंद करायची, आत गोळ्या ठेवायच्या अन् बाहेर पडून कुलूप घालायचं. हवेतल्या ओलीनं गोळ्या विरतात, त्यांचा लसणासारख्या वासाचा जहरी गॅस होतो. सात दिवसांनी उघडलं की सोंडा, पाखरू, उंदीर, सगळं चित. माणूस अडकला तर तोही. म्हणून गोळ्यांचा डबा टिकाराम कोणाच्या हाती देत नसे.

ट्रकवाला माल टाकून जाताना म्हणायचा, "मुकादम, नीट राखजो." टिकारामचं उत्तर ठरलेलं. "जसा गेला तसा निघन."

तीन वर्षांमागं दिवाळी सरली अन् मिलच्या फाटकात एक बंद ट्रक येऊन उभा राहिला. मिलचे मालक कमलेशशेठ स्वतः पुढं. वडिलांच्या मागं मिल यांच्याच हाती आली होती. वय चाळीस-बेचाळीस, टिकारामच्या डोळ्यांसमोर चड्डीतून पँटमध्ये आलेला माणूस. ट्रकचं मागचं दार उघडलं, फळ्या लावल्या, अन् दोरीच्या आधारानं आतून एक लाल गाडी खाली आली.

हमालांनी कामं टाकली. गाडी अशी बसकी, की पाण्याला तोंड लावलेली म्हैस. दोनच शिटा. छप्पर माणसाच्या कंबरेला.

"शेठ, हिच्यात चढाचं कसं?" एका हमालानं विचारलं.

"चढाचं नसते बे, उतराचं असते," दुसरा म्हणाला. "विहिरीवानी."

परदेशी गाडी, तीस वर्षांची जुनी, पण फिरलेली फक्त अकराशे चाळीस किलोमीटर. मुंबईच्या एका बिल्डरकडून शेठनं घेतली होती. तिचं नाव घ्यायला टिकारामची जीभ वळेना. त्यानं प्रयत्नही सोडला अन् सरळ कामाचं विचारलं.

"कोठं ठेवाची?"

"चार नंबरात. कोरडं आहे, फरशी पक्की आहे, अन् तुमी आहा. नागपुरात गाड्या राखाची जागा आहे म्हनते, थंड हवेची. मी म्हटलं, माह्या टिकारामभाऊपेक्षा कोन राखन?" शेठनं खांद्यावर हात ठेवला. "फक्त एक. हात लावाचा नाही. चालू कराची नाही. मीटरचा आकडा हलला की भाव हलते."

"मंग चालवाची कवा?"

"चालवाची नाहीच. हे गाडी नोहे, एफडी आहे. अशा गाड्या दुनियेत गिनतीच्या उरल्या. सहा-सात वर्षं ठेवली की दुप्पट."

टिकाराम गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मागं दोन जाड नळकांडी, चाकं म्हणजे रुंद पाटे.

"शेठ, हे कायसाठी बनवली होती?"

"धावासाठी. घंट्याले अडीचशे-तीनशे."

"अन् आपुन हिले धावू नाही द्याची."

"नाही."

"काहून?"

शेठ हसला. "थे मी सांगलं ना तुमाले. जसा गेला तसा निघाला पाहिजे माल. देता का शब्द?"

"जसी गेली तसी निघन," टिकारामनं शब्द दिला.

शब्द देऊन बसला, पण डोक्यातला किडा काही मरेना. न वापरता वस्तूचं मोल वाढतं कसं? पडीत ठेवलेल्या धानाच्या बांधीत गवत माजतं. बंद घराला वाळवी लागते. विहिरीचा उपसा थांबला की पाणी नासतं. मग त्याला एक दिवस उत्तर सापडलं. जुना तांदूळ! नवा तांदूळ शिजवला की गिच्च गोळा. तोच दोन वर्षं राखला की शीत शीत मोकळं, अन् भावही चढा. ही गाडी म्हणजे जुना तांदूळ. एवढं उमजल्यावर त्याला गाडीबद्दल आपलेपणा वाटू लागला, कारण जुना तांदूळ राखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

हा शोध त्यानं सगळ्यात आधी जागेश्वरला ऐकवला. जागेश्वर नाकाडोंगरीकडचा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा धुरकरी म्हणून चार तालुक्यांत नाव. मधली काही वर्षं पटावर बंदी होती, तेव्हाही यानं दावणीचे बैल विकले नाहीत. बंदी उठली तशी पुन्हा पट गाजवू लागला. दर पंधरवड्याला बैलांसाठी कोंडा न्यायला मिलवर यायचा.

चार नंबरच्या दारात उभं राहून जागेश्वरनं गाडी न्याहाळली. तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला.

"धावाची गाडी आहे म्हन."

"घंट्याले तीनशे."

"धावून पाह्यली कोनं?"

"धावाची नाही ना गा! तांदूळ कसा, जुना होते तसा..."

"तांदूळ?" जागेश्वरनं त्याला मधेच तोडलं. "तांदळाले पाय असते का बे? माहा बैल पाह्य. नांगराले जुपत नाही, बंडीले जुपत नाही. वरीसभर बसून बदाम खाते अन् पटात धावते किती? आठ सेकंद. पन धावते ना! अन् जिंकला की भाव चढते. तुह्या गाडीचा धावली की उतरते. मंग थे धावाची कायची? लग्नातला फोटो झाली थे."

"पन तुह्या बैलाचा पाय मोडला तं?"

"मोडला तं मोडला. बांधून ठेवला म्हून का त्याचा पाय अमर होते? बांधलेला बैल आंगानं सुजते, खुरं वाढते, मंग मारकुंडा होते. बाहेरून चकचक, अन् आत हवा."

"हे लोखंड आहे, बैल नोहे."

"लोखंडाले गंज लागत नाही का?"

टिकारामला राग आला. जागेश्वर कोंड्याचा कट्टा खांद्यावर टाकून निघून गेला. त्या दिवसापासून टिकारामनं मनात धरलं, की या गाडीला गंज तर सोडा, ओलाव्याचा डागही लागू द्यायचा नाही. कळीच्या चुन्याचे खडे टोपल्यांत भरून त्यानं गाडीच्या चारी बाजूंना ठेवले. चुना ओल पितो, हे घरोघरी ठाऊक. खडे फुटून भुगा झाले की नवे आणायचा. दर आठवड्याला चाकातली हवा वाकून नजरेनं पाहायचा. रंगाला काही सुद्धा झालं नाही. पहिलं वर्ष असं सुखात गेलं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याला शिटेवर उंदराच्या लेंड्या दिसल्या.

राईस मिल म्हणजे उंदरांचं सासर अन् माहेर दोन्ही. त्यानं वाकून गाडीखाली पाहिलं, तर एका वायरचं वरचं रबर कुरतडलेलं. टिकारामनं त्याच रात्री पिंजरा लावला, एक सापडला. जिथं एक तिथं पन्नास. आता शेठनं तर हात लावायचा नाही म्हटलेलं. मग हात न लावता उंदीर मारायचे कसे? ज्याला आयुष्यभर एकच विद्या येते त्याला एकच इलाज सुचतो. त्यानं गाडीवर ताडपत्री पांघरली, काठावर रेतीच्या नळ्या रचल्या, ताटलीत गोळ्या ठेवून ती आत सरकवली अन् चार नंबरला कुलूप घातलं.

सात दिवसांनी उघडलं. चार उंदीर मेलेले, वास उडून गेलेला, गाडी तशीच लाल, तशीच झळझळीत. टिकारामनं मिशीवरून हात फिरवला. शेठला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? हात लावला नव्हता. हा पहिला धरून पावसाळ्यातून दोनदा, असा त्यानं दोन वर्षं गाडीला गॅस दिला. त्यानंतर एक लेंडी दिसली नाही.

यंदाच्या पौषात शेठ धावतच चार नंबरकडं आला. हैदराबादच्या कोणा हौशी माणसाला असलीच गाडी हवी होती. सहा वर्षांचं गणित तीनच वर्षांत सुटणार होतं. अट एकच, की गाडी मूळची असावी, कारखान्यातून निघाली तशी. तपासायला नागपूरहून रक्षा नावाची इंजिनियर येणार होती. जुन्या गाड्यांची पारख करायची अन् घेणाऱ्याला खरंखोटं सांगायचं, हा तिचा धंदा. वय असेल तिशीचं. आली तीच अंगात निळा डगला घालून, केस बांधून. पुठ्ठा अंथरला अन् सरळ गाडीखाली शिरली. टिकारामला ती पाहताक्षणी आवडली, कारण तीही लोकांना प्रश्नच विचारत होती.

"काका, टॉर्च धरा जरा. बाहेरून तर कमाल ठेवलीय गाडी. तुम्हीच का सांभाळता?"

"होय ताई. चुन्याचे खडे ठेवले होते. ओल नको म्हून."

"वा! हे नागपूरच्या गॅरेजवाल्यांनाही सुचत नाही."

टिकारामनं शेठकडं पाहिलं. शेठनं मान डोलावली. दुनियेत याहून चांगला दिवस नव्हता.

मग रक्षानं सोबत आणलेली नवी बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. समोरचे दिवे एकदा पेटले, फडफडले अन् विझले. पुन्हा फिरवली. काही नाही. तिनं एक झाकण काढलं, मग दुसरं, मग शिटेमागची एक पेटी उघडली. तिनं वायरचं एक टोक चिमटीत धरून बाहेर ओढलं. तांब्याची तार ती, पण काजळीसारखी काळी. वाकवली तर कट्कन तुटली.

"शेठ, सगळं वायरिंग गेलंय. तांब्याचं जे जे आहे ते सगळं. आतले मेंदूसारखे जे डबे असतात ना, तेही."

"असं कसं? मीटर तं एक किलोमीटर बी हलला नाही!"

"तेच मलाही कळत नाहीये."

"बदलून टाका. किती लागते?"

"बदलता येईल. पण मग ती मूळची राहत नाही. हैदराबादवाले नाही घेणार. कोणीच त्या भावात नाही घेणार."

कमलेशशेठचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मुंबईच्या पुरात बुडालेली गाडी आहे हे! चिकटवली मले त्या बिल्डरनं. पुढच्या सोमवारी वकिलाकडे जातो. कोर्टात नाही खेचला तं नावाचा नाही!"

"बुडालेल्या गाड्या मी खूप पाहिल्यात," रक्षा सावकाश म्हणाली. "त्यांत चिखल सापडतो, तांबं हिरवं पडतं. हे काळं आहे, अन् रबराच्या आतपर्यंत काळं. असं मी कुठंच पाहिलं नाही. असं काहून झालं असेल?"

तिच्या तोंडून तो शब्द निघाला अन् टिकारामनं हातातला टॉर्च विझवला.

आयुष्यात एकच गोष्ट त्यानं कधी विचारली नव्हती. तो नवा हमाल होता तेव्हा तुलाराम नावाचा म्हातारा मुकादम गोदामाला गॅस द्यायचा. गोळ्या ठेवण्याआधी तुलाराम ओरडायचा, "बिजलीचा तोलकाटा बाहेर काढा रे!" काटा बाहेर काढायचा, सात दिवसांनी आत न्यायचा. टिकारामही आजवर तेच करत आला. काहून काढायचा? तुलारामला ‘काहून’ विचारलं की कानाखाली बसायची, म्हणून ते एक विचारायचं राहिलं. त्याला वाटायचं, कोणी चोरून नेऊ नये म्हणून काढत असतील.

त्या सांजेला तो नदीकाठच्या पानठेल्यावर जागेश्वरला भेटला अन् पोटातलं सगळं ओकला.

"तुले पक्कं माहीत आहे का?" जागेश्वरनं विचारलं.

"नाही ना. हेच तं आहे."

"मंग चूप राह्य. शेठ मुंबईवाल्यावर केस टाकते, टाकू दे. थो बिल्डर का तुहा सोयरा आहे? तू तोंड उघडलं तं चाव्या जातीन. छप्पन वर्षांच्या, पाठ गेलेल्या मानसाले कोन ठेवन?"

"पन गॅसानंच झालं असन तं?"

"अन् नसन झालं तं? फुकट मरशीन."

हे ‘नसन झालं तं’ टिकारामच्या मनात रुतलं. माहीत करून घेतल्याशिवाय त्याला चूपही राहता येईना अन् बोलताही येईना. दोन नंबरच्या थप्पीला तसाही गॅस द्यायचा होता. त्यानं जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार घेतली, तिचे दोन तुकडे केले. एक कार्यालयातल्या मेजाच्या खणात ठेवला. दुसरा थप्पीजवळ ताडपत्रीखाली. त्याच्या शेजारी एक लोखंडी खिळा, रबराचा तुकडा अन् पितळेचा एक लोटा. लोटा कुंताबाईचा, लग्नात भंडाऱ्याहून आलेला. विचारला असता तर मिळाला नसता, म्हणून विचारला नाही. तोलकाटा आठवणीनं बाहेर काढला, रेतीच्या नळ्या रचल्या, गोळ्या ठेवल्या, कुलूप घातलं. रविवारी उघडायचं होतं. शेठ सोमवारी वकिलाकडं जाणार होता.

ते सात दिवस त्यानं कोणाला एक प्रश्न विचारला नाही. हमालांना वाटलं मुकादम आजारी आहे.

"लोटा कोठं गेला?" कुंताबाईनं मंगळवारी विचारलं, बुधवारी विचारलं.

"येईन."

"लोटा का फिराले गेला का?"

रविवारी त्यानं दार उघडलं, वारा जाऊ दिला, मग ताडपत्री उचलली. खिळा होता तसाच. रबर होतं तसंच. तार काळी. लोटा तर असा, की चुलीत घालून काढला असावा. त्यानं तार वाकवली. कट्कन तुटली.

तो थप्पीला टेकून खाली बसला. खरं सांगायचं तर आधी त्याला बरंच वाटलं. एक कोडं सुटलं होतं, अन् ते त्यानं एकट्यानं सोडवलं होतं. गॅस रंगाला शिवत नाही, लोखंडाला शिवत नाही; शोधून शोधून तांबं-पितळ खातो. म्हणून गाडी बाहेरून नवरी अन् आतून राख. भीती मागून आली, पाच-दहा मिनिटांनी. आता ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती.

लोटा घेऊन तो घरी गेला. कुंताबाईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"मसनात नेलं होतं का माह्या लोट्याले?"

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, मग चिंच भिजत घातली.

"सांगशीन तं चाव्या जातीन," ती म्हणाली. "नाही सांगशीन तं जलमभर माह्यं डोस्कं खाशीन, सांगाले पाहिजे होतं का, नाही पाहिजे होतं का. मले नाही झेपत थे. उद्या सकाळी जा अन् सांगून ये. अन् लोटा वापस आनजो. चिंच भिजत घातली आहे."

सोमवारी सकाळी शेठ कार्यालयात कागद पिशवीत भरत होता. टिकारामनं मेजावर एकेक वस्तू मांडली. काळी तार. खणातून काढलेली लाल तार. खिळा. लोटा.

"हे का दुकान लावलं, टिकारामभाऊ? मले निघाचं आहे."

"शेठ, मुंबईवाल्याची चूक नाही. थे गॅसानं झालं. मी देल्ता गॅस."

शेठनं पिशवी खाली ठेवली. टिकारामनं उंदरांपासून लोट्यापर्यंत सगळं सांगितलं, काही चुकवलं नाही. शेठनं दोन्ही तारा उचलल्या, खिडकीशी नेऊन पाहिल्या.

"किती डाव देल्ला?"

"चार."

"मी हात लावाचा नाही म्हटलं होतं."

"हात नाही लावला, शेठ."

शेठनं मेजावर थाप मारली तसा लोटा लवंडला. "अक्कल नाही का बे तुले! वायर खाल्ले असते उंदरानं तं दोन वायर गेले असते. तू अख्खी गाडी खाल्ली! उंदीर बरा तुह्यापेक्षा!"

इतक्या वर्षांत शेठ पहिल्यांदा ‘तू’वर आला होता. टिकाराम उभा राहिला. खिडकीबाहेर दोन हमाल कट्टे सोडून ऐकत होते, त्यांना शेठनं हाकललं. बराच वेळ तो येरझारा घालत राहिला.

"कोनाले माहीत आहे हे?"

"बायकोले. अन् जागेश्वरले."

"म्हनजे तू चूप राह्यला असता तं मले कधीच समजलं नसतं."

"नाही."

"अन् मी त्या बिल्डरले कोर्टात वढत राह्यलो असतो. वकिलाले पैसे भरत."

शेठनं फोन उचलून वकिलाला सांगितलं, राहू द्या, येत नाही. मग रक्षाला फोन लावला. ती पलीकडून इतक्या जोरात बोलली, की टिकारामलाही ऐकू आलं. "काकांनी शोधून काढलं? काय सांगता! तो लोटा मला द्या म्हणावं, मला दाखवायचाय सगळ्यांना!"

"लोटा नाही भेटनार," टिकाराम पुटपुटला. "चिंच भिजत आहे."

शेठनं फोन ठेवला. हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. "चार नंबरची चावी ठेव इथी."

टिकारामनं करदोडा चाचपला. गाठ वर्षानुवर्षांच्या घामानं दगड झाली होती, सुटेना. शेवटी कट्टे शिवायच्या सुताची कैची घेऊन शेठनंच दोरा कापला अन् एक चावी काढून घेतली. उरलेल्या तीन टिकारामच्या मुठीत तशाच राहिल्या. त्या शेठनं मागितल्या नाहीत. का मागितल्या नाहीत, हे मात्र विचारायची टिकारामची छाती झाली नाही.

"आता का करान तिचं?" त्यानं दुसरंच विचारलं.

"का करन? वायर बदलली की मूळची राहत नाही. मूळची नाही तं एफडी नाही. मोडली एफडी."

"मंग चालवान?"

"चालवाच लागन आता."

"शेठ, एक विचारू? थे धावते तं कशी धावते?"

शेठनं त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू हा प्रश्न कोणी पहिल्यांदाच केला. "मले तरी का माहीत! तीन वर्षांत मी कधी किल्ली बी फिरवली नाही."

रक्षाच्या माणसांना वायरिंग बदलायला दोन महिने लागले. होळीनंतरच्या एका सकाळी कमलेशशेठ गाडीत उतरला. किल्ली फिरवल्यावर जो आवाज झाला त्यानं पत्र्यावरचे पारवे उडाले ते दुपारपर्यंत परतले नाहीत. गाडी चार नंबरातून निघाली अन् पन्नास पावलांवर ट्रक तोलायच्या काट्याच्या चढावर पोट टेकून अडकली. आठ हमाल धावले. "जोर लगा के" म्हणत त्यांनी ती भरल्या कट्ट्यासारखी उचलून पलीकडं ठेवली. फाटकातून ती नाकाडोंगरीच्या रस्त्याला लागली अन् दिसेनाशी झाली.

कोंडा न्यायला आलेला जागेश्वर टिकारामच्या बाजूला उभा होता. "आता खरी गाडी झाली," तो म्हणाला.

"माह्या चुकीनं झाली."

"मी कवा म्हटलं तू हुशार आहे म्हून?"

तासाभरानं गाडी परत आली. खाणीकडच्या ट्रकांची काळी धूळ काचेपर्यंत, मागं एका ठिकाणी रंग खरवडलेला. शेठ दोन्ही हात टेकून कसाबसा वर निघाला, केस उभे, डोळे मोठे. टिकाराम काट्याजवळ तीन चाव्या लोंबकळवत उभा होता. चार नंबरची चावी आता शेठच्या खणात असते. टिकारामला ती मागून घ्यावी लागते अन् वहीत सही करावी लागते. ‘टिकारामभाऊ’ मात्र परत आलं होतं, महिनाभरानं, कोणाच्या लक्षात न येता.

"कशी धावते, शेठ?"

"आवं टिकारामभाऊ..." शेठ गाडीला टेकला. "आंधी तं समजूनच नाही राह्यलं. मंग तिसऱ्या गेरात टाकली, अन् असं वाटलं का कोनीतरी पाठीवर हात ठेवून ढकलून राह्यलं..."

"मानूस ढकलते तसं का बैल ढकलते तसं?"

"थांबा, सांगतो ना."

शेठ सांगत राहिला, टिकाराम विचारत राहिला. दोघांच्या हातातला चहा थंड झाला. काट्यावर यायला धानाचे तीन ट्रक खोळंबले, अन् पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न दाबून शिव्या घालू लागला, की ही लाल भानगड कोणाची आहे, आधी बाजूला घ्या.